पन्नास नंबरचं रीळ

विषय: पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मासेमारी केल्याबाबत खुलासा.
संदर्भ: आपली 'कारणे दाखवा' नोटीस.

माननीय साहेब,

नोटिशीत आपण मला तीन प्रश्न विचारले आहेत. एक, चित्रफितीत गच्चीवरच्या टाकीत दोरी सोडून बसलेली व्यक्ती मीच आहे काय. दोन, असल्यास, पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला हे शोभते काय. तीन, मासा कोणता होता. तिसरा प्रश्न पेन्सिलने आणि वेगळ्या अक्षरात लिहिलेला आहे, तरी मी तो अधिकृतच धरतो.

उत्तरे: एक, होय. दोन, नाही. तीन, तो मासा नव्हता, टाकीतला फ्लोट होता.

खुलासा इथेच संपवता आला असता. पण नोटिशीत 'सविस्तर' हा शब्द आहे आणि त्याखाली दोन रेघा आहेत. दोन रेघा मारणाऱ्या माणसाला थोडक्यात उत्तर देणं मला उद्धटपणाचं वाटतं.

मुद्दा पहिला: सासरे

माझे सासरे गेल्या रविवारी पंचाहत्तर वर्षांचे झाले. धंद्याने शिंपी. पंचावन्न वर्षं एक दुकान, एक मशीन, एक स्टूल. माणूस दारातून आत येईपर्यंत त्यांनी डोळ्यांनीच त्याच्या खांद्याचं माप घेतलेलं असतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीशी लग्न करू इच्छितो हे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो, तो तयार शर्ट घालून. शिंप्याच्या घरी, साहेब, तयार शर्ट. त्यांनी माझ्या कॉलरचं डावं टोक पाहिलं, उजवं टोक पाहिलं, दोन्हींत काहीतरी फरक असावा, आणि म्हणाले, "बसा."

त्या 'बसा'तून मी अजून उठलेलो नाही. नंतर मी दहा वर्षं त्यांच्याच हातचे शर्ट घातले, पण उपयोग झाला नाही. मला ते 'जावईबापू' म्हणतात आणि 'तुम्ही' म्हणतात. 'येता का', 'घेता का', 'निघालात का'. आमचा साडू, म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तो पहिल्यांदा त्या दुकानात गेला तेव्हा शटर अडकलं होतं. त्याने ते दोन मिनिटांत मोकळं केलं. सासरे म्हणाले, "अरे, हात धुऊन घे." तेव्हापासून तो 'तू' आहे. 'अरे ये', 'अरे बस', 'अरे तुला कळतं का काही'. मी समोर बसून हे ऐकतो आणि माझ्याकडे वळून सासरे म्हणतात, "तुम्हाला पंखा लागतोय ना?"

आपण म्हणाल, मान मिळतोय तर रडतोस कशाला. साहेब, मान पाहुण्याला देतात. घरच्या माणसावर ओरडतात. माझ्यावर बावीस वर्षांत सासरे एकदाही ओरडलेले नाहीत. हे दुःख कुठल्याही खिडकीवर नोंदवून घेत नाहीत, मी पाहिलं आहे, कारण खिडकीत मीच असतो.

(बायकोचा शेरा, समासात: हे सगळं साहेबांना कशाला? मुद्द्यावर या.)

मुद्द्यावर येतो. महिन्यापूर्वी सगळे जेवायला बसलो असताना सासरे कुणीही न विचारता म्हणाले, "एकदा खोल समुद्रात जाऊन मासा धरायचा होता. राहून गेलं." आणि हात धुवायला उठले. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी नवीन चष्मासुद्धा मागितला नाही, त्याने समुद्र मागितला. नळाचं पाणी वाजत होतं तेवढ्या वेळात आम्ही कुजबुजत बेत ठरवला. पंचाहत्तरीला त्यांना होडीवर न्यायचं, आणि तोपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. साडू म्हणाला, "होडी माझ्याकडे लागली. माझ्या ओळखीचा नाववाला आहे." मेहुणी म्हणाली, "डबा माझ्याकडे." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि साहेब, मी माझाच आवाज ऐकला: "रीळ माझ्याकडे."

मासेमारीला रीळ लागतं एवढंच मला माहीत होतं. ते कुठे लावतात हेही माहीत नव्हतं.

मुद्दा दुसरा

(बायकोने पूर्ण खोडला आहे. तो साडूविषयी होता.)

मुद्दा तिसरा: नंबर

"बाबांना कुठलं आवडेल ते बाबांनाच विचारा," बायको म्हणाली. "पण कळू देऊ नका."

"विचारायचं पण कळू द्यायचं नाही, म्हणजे कसं?"

"आडून विचारा. तुम्ही नाही का खिडकीवर लोकांना आडून उत्तरं देता?"

मी फोन केला. ते संभाषण मी इथे जसंच्या तसं देतो, कारण पुढच्या सर्व नुकसानीचं मूळ त्यात आहे.

मी: बाबा, एक विचारायचं होतं. रीळ कुठलं चांगलं?
सासरे: रीळ? कशाला हवंय तुम्हाला?
मी: असंच. एकाला द्यायचंय.
सासरे: पन्नास नंबर घ्या. सगळ्याला चालतं.
मी: आणि ऐंशी?
सासरे: ऐंशी फार नाजूक. जरा ओढ बसली की तुटतं. ते आता कोण वापरतो?
मी: तीस?
सासरे: तीस पोती शिवायला.
मी: बरं. पन्नास तर पन्नास.
सासरे: काळं घ्या, जावईबापू. पांढरं मळतं.

आपल्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. आडून विचारण्यात मी इतका गुंतलो होतो की समोरचा शिंपी आहे हे विसरलो. दोऱ्याच्या रिळाला नंबर असतात, आणि नंबर जसा वाढतो तसा दोरा बारीक होतो, हे मला आता पाठ आहे. तेव्हा मी फोन ठेवून बायकोला म्हणालो, "बाबांना यातलं बरंच कळतं गं. तीस नंबरवाल्यांची पोती शिवणारे म्हणून टर उडवली त्यांनी."

"बाबा बोलत नाहीत," बायको अभिमानाने म्हणाली, "पण वाचन असतं त्यांचं."

मुद्दा चौथा: कप्तान

मासेमारीच्या सामानाच्या दुकानाच्या मालकाला सगळे कप्तान म्हणतात. त्यांना होडीत मळमळतं, त्यामुळे ते कधी समुद्रात गेलेले नाहीत, पण टोपी आहे. मी आत गेलो तेव्हा ते दात कोरत वर्तमानपत्र वाचत होते. नजर न उचलता म्हणाले, "तळ्यात की नदीत?"

"खोल समुद्रात."

त्यांनी एक डोळा वर केला. "पहिल्यांदाच दिसताय. वीस नंबर देतो. हलकं आहे, हाताला त्रास नाही."

"पन्नास हवंय."

"अहो, पन्नास म्हणजे माणसाच्या वजनाचा मासा धरायचं रीळ. तुम्ही धरणार की तो तुम्हाला धरणार? तीस घ्या फार तर."

"तीस पोती शिवायला," मी म्हणालो.

काडी त्यांच्या दातातच राहिली. मला वाटलं राग आला असेल, म्हणून मी घाईने म्हणालो, "मी नाही म्हणत, आमचे सासरे म्हणतात. त्यांच्यासाठीच न्यायचंय."

"ऐंशीबद्दल काय म्हणतात ते?" कप्तानांनी हळू विचारलं. त्यांच्या मागे काचेच्या कपाटात ऐंशी नंबरचं एकच रीळ होतं, पाण्याच्या घागरीएवढं.

"ऐंशी नाजूक म्हणतात. जरा ओढ बसली की तुटतं. आता कुणी वापरत नाही."

कप्तान उठून उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. "वय काय त्यांचं?"

"पंचाहत्तर."

"काय करतात?"

"आता निवृत्त. पंचावन्न वर्षं काम केलं. हातांचंच काम."

"हात बघायला पाहिजेत," कप्तान स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि रिळाला लिव्हर कशी असते ते समजावलं. लिव्हर मागे असली की दोरी सहज सुटते, पुढे ढकलली की रीळ दोरीला आवळून धरतं. "मासा ओढायला लागला की लिव्हर पुढे," ते म्हणाले, आणि मग लाजल्यासारखे झाले. "अर्थात त्यांना मी काय सांगणार." सोनेरी रीळ दाखवू लागले तेव्हा मी सांगितलं की सासरे काळं म्हणाले आहेत, पांढरं मळतं.

"पांढरं तर येतच नाही," कप्तान म्हणाले. "पूर्वी येत असेल. जुन्या माणसांना माहीत."

काळं त्यांच्याकडे नव्हतं. परदेशातून मागवावं लागेल म्हणाले. आणि इथे, साहेब, मी आपल्याच जातीच्या माणसाच्या हाती सापडलो. जात म्हणजे खिडकीवाल्यांची.

मुद्दा पाचवा: खिडकी क्रमांक चार

रीळ बंदरावरच्या पार्सल कचेरीत येऊन अडकलं. खिडकी क्रमांक चारवरच्या बाई माझ्यासारख्याच होत्या: मान खाली, पेन कानावर, समोरच्याच्या मागे उभा असलेला माणूस आधी दिसतो.

"वस्तूचं नाव?"

"रीळ."

"कसलं? सिनेमाचं असेल तर तपासणीचा दाखला लागेल. खिडकी नऊ."

"सिनेमाचं नाही."

"दोऱ्याचं असेल तर वस्त्र विभाग. खिडकी अकरा. सुताचं की रेशमाचं ते लिहून आणा."

"बाई, मासेमारीचं आहे."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही मासेमार?"

"नाही, पाणीपुरवठा."

"मग परवाना मिळणार नाही. मासेमाराला मिळतो. तुम्ही मासेमार नसल्याचं पत्र आणलं तर छंद म्हणून देता येईल. ते पत्र मासेमार संघ देतो."

मी मासेमार संघात गेलो. तिथला सचिव सज्जन होता, पण त्याचं म्हणणं असं की संघ फक्त सभासदांविषयी लिहून देतो. मी सभासद नाही असं लिहून द्यायला मला आधी सभासद व्हावं लागेल.  साहेब, हेच वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांना सांगितलं आहे. मीटर नसल्याचा दाखला मीटर क्रमांकाशिवाय देता येत नाही, हे माझंच वाक्य. खिडकीच्या आतून ते इतकं बरोबर वाटायचं.

तिसऱ्या दिवशी मी खिडकी चारसमोर नुसता उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "तुम्ही पाणीपुरवठ्यात कुठे?"

"तक्रार खिडकी."

"आमच्या गल्लीत सकाळी पाणी येत नाही, चार महिने झाले. तुम्हीच का ते, ज्यांनी मला दुपारी येईल म्हणून सांगितलं?"

मीच होतो. मी मान खाली घातली. त्या फॉर्म ओढून स्वतःच भरू लागल्या. "हे फिरतं कशाने? विजेवर?"

"हाताने. बाजूला मूठ आहे."

"हाताने फिरवायचं घरगुती यंत्र," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "शिवणयंत्र, बर्फ किसायचं यंत्र, त्याच सदरात. सही करा. आणि आमच्या गल्लीचं बघा."

(साहेब, बघितलं. परवापासून त्यांना सकाळी पाणी येतं. व्हॉल्व्ह उलटा बसवला होता. हा मुद्दा माझ्या बाजूने धरावा.)

मुद्दा सहावा: टाकी

खोक्यातून रीळ निघालं तेव्हा बायको म्हणाली, "हे रीळ आहे? मला वाटलं शेजाऱ्यांच्या गाडीचं इंजिन आलं." दोन्ही हातांनी उचलावं लागत होतं. काळं, चकचकीत, आणि दोरी ओढली की असं कर्रर्र वाजायचं की खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून पाहिलं.

वरच्या मजल्यावर निवृत्त भूगोल शिक्षक राहतात, त्यांना सगळे भूगोलसर म्हणतात. आवाज ऐकून ते आले. "खोल समुद्र म्हणजे किती खोल?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग त्यांनीच मला दहा मिनिटं समुद्रतळाविषयी सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "नवीन यंत्र न तपासता पंचाहत्तरीच्या माणसाच्या हातात देणार? भर समुद्रात अडकलं तर तुमचे सासरे काय म्हणतील?"

सासरे काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. ते म्हणतील, "असू द्या, जावईबापू." मी घाबरलो.

"यंत्र उभं तपासलं पाहिजे," भूगोलसर म्हणाले. "खोल समुद्रात दोरी आडवी जात नाही, खाली जाते. आणि पाण्यात तपासलं पाहिजे. ओली दोरी वेगळी वागते. आपल्या इमारतीत उभं आणि ओलं असं एकच ठिकाण आहे."

त्यांनी वर बोट दाखवलं.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. अर्जात कारण 'कौटुंबिक' लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. काठी नव्हती, म्हणून रीळ फरशी पुसायच्या दांडक्याला भूगोलसरांच्या पट्ट्याने बांधलं. त्यामुळे सरांना एका हाताने पँट धरून उभं राहावं लागलं, हे चित्रफितीत दिसतं आणि त्याविषयी काही लोकांनी वाईट लिहिलं आहे. दोरीच्या टोकाला वजन म्हणून आमच्या माळ्याचं कुलूप लावलं. टाकीचं झाकण उघडलं. कुलूप स्वच्छ धुऊन घेतलं होतं, हे कृपया नोंदवून घ्यावं.

सोडलं, खाली गेलं. फिरवलं, वर आलं. पुन्हा सोडलं. सर म्हणाले, "थोडं डावीकडे, तिथे खोल आहे." डावीकडे फ्लोट होता, टाकी भरली की पाणी बंद करणारा. कुलूप त्याच्या दांडीत अडकलं.

याच वेळी समोरच्या घरातल्या वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या. "काय करताय भाऊजी?"

मी दातओठ खाऊन मूठ फिरवत होतो. "रीळ," एवढंच म्हणालो.

"अय्या, मग मला सांगायचं ना," म्हणून त्यांनी फोन काढला. "एकट्याने कसं होईल? घेणारं कुणीतरी लागतं. थोडं माझ्याकडे बघून करा."

वहिनींचा काही दोष नाही, साहेब. आजकाल गच्चीवर मोठा माणूस 'रीळ' म्हणाला तर कुणीही फोनवरची रीलच समजेल.

सर ओरडले, "लिव्हर पुढे." मी लिव्हर पुढे ढकलली आणि पाय भिंतीला लावून ओढलं. माणसाच्या वजनाचा मासा उपटणाऱ्या रिळापुढे फ्लोट तो काय. बुडासकट आला. तांब्याचा तो गोळा उन्हात चमकत माझ्या डोक्यावरून गेला, म्हणून चित्रफितीत तो मोठ्या माशासारखा वाटतो. त्यापाठोपाठ टाकी वाहू लागली. पुढची पंचवीस मिनिटं जिन्यावरून पाणी उतरत होतं, आणि इमारतीतल्या बावीस घरांनी, नियमानुसार, पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर फोन केला. तिथे कुणी नव्हतं. तिथला माणूस गच्चीवर होता.

वहिनींच्या चित्रफितीचं नाव 'टाकीत सापडला राक्षस' असं आहे. आपल्या मुलीने ती आपल्याला दाखवल्याचं शिपायाकडून कळलं. शनिवारी नोटीस मिळाली. फ्लोट मी स्वतः नवा बसवला आहे. साडूला बोलावलं नाही.

मुद्दा सातवा, ज्याचा टाकीशी संबंध नाही

पण खुलासा अर्धवट राहिला तर आपणच 'पुढे काय झाले' म्हणून पेन्सिलने विचाराल.

रविवारी पहाटे आम्ही सासऱ्यांना धक्क्यावर नेलं. होडी पाहून त्यांनी चष्मा पुसला. मेहुणी आणि बायको धक्क्यावर थांबल्या. होडीत चौघे: नाववाला, साडू, सासरे, आणि मांडीवर खोकं घेऊन मी. लिफ्टमधून दिवसाला शंभर वेळा वर-खाली करणारा आमचा साडू पहिल्या मोठ्या लाटेलाच आडवा झाला. मला बरं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

किनारा पुसट झाल्यावर नाववाल्याने इंजिन बंद केलं. मी खोकं उघडलं.

नाववाला वाकून बघत म्हणाला, "हे कशाला? पाणबुडी बुडालीय का कुठे?"

सासऱ्यांनी रीळ हातात घेतलं, वजनाने हात खाली गेला. "हे काय, जावईबापू?"

"रीळ. पन्नास नंबर, काळं. तुम्ही सांगितलं होतं तसंच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला डावं टोक, उजवं टोक, सगळं दिसलं. मग ते म्हणाले, "मी दोऱ्याचं सांगितलं होतं."

होडी हलत होती. साडू कण्हत होता. तीस, ऐंशी, पोती, पांढरं मळतं, असं एकेक माझ्या डोक्यात उजेडात येत गेलं. मी म्हणालो, "मग हे राहू दे. नाववाल्याकडे लहान असेल."

"आहे की," नाववाला म्हणाला.

"असू द्या," सासरे म्हणाले. "आणलंय तुम्ही, तर लावू."

तुम्ही. मी समुद्राकडे तोंड केलं.

नाववाल्याने रीळ काठीला बसवलं, गळाला आमिष लावलं, दोरी खाली सोडली. सासऱ्यांनी दोरी अंगठा आणि पहिल्या बोटात धरली, डोळे मिटले, हलकेच ओढून पाहिली. मग लिव्हरवर बोट ठेवून ती केसभर मागे घेतली. पुन्हा ओढली. पुन्हा केसभर.

"टेन्शन जास्त होतं," ते म्हणाले. "मशीनला असतं तसंच आहे हे. धागा जाताना हाताला कळला पाहिजे, पण अडता कामा नये."

नाववाल्याने विचारलं, "आजोबा, किती वर्षं करताय हे?"

"पंचावन्न," सासरे म्हणाले.

मग एक तास काहीच झालं नाही. नंतर दोरी गेली. कर्रर्र करत गेली, काठी वाकली, सासऱ्यांनी पाय रोवले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. स्टुलावर वाकून बसणारा माणूस, त्याची पाठ सरळ झाली होती. ते थोडं फिरवत, थोडं सोडत, बोट लिव्हरवर, ओठ आत ओढलेले, सुईत दोरा ओवताना असतात तसे. "येतोय," ते म्हणाले, कुणालाच नाही, पाण्याला. खाली काहीतरी पांढरं वळलं. नाववाला म्हणाला, "बाप रे, मोठा आहे." दहा मिनिटं, साहेब, माझ्या सासऱ्यांनी खोल समुद्रातला मासा धरून ठेवला होता.

आणि मग मासा जोरात ओढायला लागला. मला कप्तानांचं वाक्य आठवलं. मी मदतीला धावलो आणि लिव्हर पुढे ढकलली.

ताड. काठी सरळ झाली. दोरी वाऱ्यावर तरंगत आली, तिच्या टोकाला काही नव्हतं.

"अरे गाढवा," सासरे म्हणाले.

मी लिव्हरवरचा हात काढला.

"अरे, हात कुणी लावायला सांगितला तुला? शिवण चालू असताना कुणी टेन्शन आवळतं का? तुझं डोकं कुठे होतं? इतका वेळ मी काय करतोय ते दिसत नव्हतं तुला?"

"कप्तान म्हणाले होते," मी म्हणालो.

"कोण कप्तान? तो होता का इथे? तू होतास. असा बस, इकडे, माझ्या समोर. दोन्ही हात मांडीवर ठेव. आता हललास तर बघ."

मी त्यांच्यासमोर बसलो. दोन्ही हात मांडीवर ठेवले. साडूने मान वर करून हिरव्या चेहऱ्याने विचारलं, "बाबा, काय झालं?" तर त्यालाही, "तू पड." मग पुन्हा माझ्याकडे: "एवढा होता. दिसला ना तुला? एवढा." त्यांनी हात पसरले, ते दोन्ही बाजूंना होडीच्या बाहेर गेले.

"एवढा होता, बाबा," मी म्हणालो. 

परतीचा पूर्ण दीड तास ते माझ्यावर ओरडत होते. लिव्हरबद्दल, फोनबद्दल, सरळ न विचारता आडून विचारण्याबद्दल. मध्येच बावीस वर्षांपूर्वीच्या त्या शर्टाबद्दल: "कॉलर उलटी जोडलेली होती, तुला सांगायला जीभ झाली नाही माझी." मी सगळं ऐकलं. नाववाल्याने मला हळूच विचारलं, "तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, खारं पाणी आहे.

धक्क्यावर बायको आणि मेहुणी वाट पाहत होत्या. मेहुणी म्हणाली, "मासा कुठेय, बाबा?"

सासऱ्यांनी रीळ छातीशी धरलेलं होतं. माझ्याकडे मान वळवून ते म्हणाले, "होता. याने घालवला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला ऐकू आलं होतं. 'यांनी' नव्हे, साहेब. 'याने'. एक अनुस्वार गेला आणि वेलांटीच्या जागी मात्रा आली.

(बायकोचा शेरा: हे बरोबर लिहिलंत.)

तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी. कामावरून काही दिवस दूर ठेवायचं ठरल्यास माझी हरकत नाही, मात्र ते दिवस चालू आठवड्यातच संपावेत आणि येता रविवार कोणत्याही चौकशीसाठी राखू नये. नाववाल्याशी सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः मला फोन केला, आणि नेहमीसारखी प्रकृतीची वगैरे विचारपूस न करता एवढंच म्हणाले:

"पहाटे पाचला ये. आणि हात घरी ठेवून ये."

आपला विश्वासू,
तक्रार खिडकी